पुण्यात नवे आहात? आधी टेकडी, मग सायकल

पुण्यात भाड्याचं घर मिळालं, वायफाय लागलं, दूधवाला ठरला, की साधारण दुसऱ्या महिन्यात माणूस शेजाऱ्याला विचारतो, "इथे सकाळी चालायला कुठे जातात हो?" शेजारी एका शब्दात उत्तर देतो, "टेकडीवर." कोणत्या टेकडीवर, कुठून चढायचं, किती वाजता निघायचं, हे तो सांगत नाही. त्याच्या मते ते सगळ्यांना माहीतच असतं.

मी सोलापूरहून आलो तेव्हा मला माहीत नव्हतं. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला, पायात चपला आणि हातात फक्त मोबाइल घेऊन मी वेताळ टेकडी चढायला लागलो. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाचं पुण्याचं ऊन काय वाकडं करणार, असा माज होता. अर्ध्या तासात घसा कोरडा पडला, एका चपलेचा अंगठा तुटला आणि मुरमावरून घसरून मी खालीच बसलो. वरून उतरणाऱ्या एका आजोबांनी पाण्याची बाटली पुढे केली. "नवीन दिसताय," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले.

त्या दिवशी घरातून निघण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं, ते सगळं इथे लिहितो आहे. क्रम मुद्दाम ठरवला आहे: आधी पायी, नंतर सायकल. उलटं करणारे पुष्कळ दिसतात. दिवाळीच्या बोनसमधून महागडी सायकल येते, दोनदा खडकवासल्याला जाऊन येते आणि मग बाल्कनीत तिच्या हँडलवर टॉवेल वाळत राहतात.

१. घराजवळची टेकडी हेरा

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. सह्याद्रीचे फाटे पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून थेट शहरात शिरलेले आहेत. म्हणून निम्म्या शहराला घरापासून चालत जाता येईल अशी टेकडी आहे आणि उरलेल्या निम्म्याला नाही. तुमचा भाग कोणता ते आधी पाहा.

कोथरूड, एरंडवणे, सेनापती बापट रस्ता, गोखलेनगर, पंचवटी, पाषाण हा सगळा वेताळ टेकडीचा गोतावळा. मॉडेल कॉलनी, डेक्कन, शिवाजीनगर इथल्यांसाठी फर्ग्युसन कॉलेजच्या मागची हनुमान टेकडी. सहकारनगर, धनकवडी, पद्मावती या भागांतली माणसं तळजाईला जातात, आणि स्वारगेटच्या आसपासची पर्वतीला. बाणेर-बालेवाडीकडे बाणेरची टेकडी आणि तिथलीच तुकाईची टेकडी. वारज्याला वनखात्याचं वनोद्यान आहे. निगडी-प्राधिकरणात दुर्गा टेकडी, आणि देहूरोडच्या बाजूला घोराडेश्वराचा डोंगर. तिथे चढाच्या शेवटी कोरीव लेणी बघायला मिळतात.

खराडी, विमाननगर, वाघोली, हडपसर इथल्यांची मात्र पंचाईत आहे. दक्षिणेकडे महंमदवाडीच्या आनंदवनात चालता येतं, पण त्याला टेकडी म्हणवत नाही. तुम्ही पूर्वेकडे राहत असाल तर मेट्रोचा विचार करा. रामवाडीहून वनाझकडे जाणारी गाडी डेक्कनला, गरवारे कॉलेजला आणि नळस्टॉपला थांबते. तिथून हनुमान किंवा वेताळ टेकडीचा पायथा गाठायला चालत किंवा रिक्षानं फार वेळ लागत नाही. सकाळी मेट्रोत बसायला जागा असते, परतताना घामेजलेल्या टीशर्टकडे कुणी बघत नाही.

निवडताना एकच निकष लावा: दारातून निघाल्यापासून पायथ्यापर्यंत पंधरा मिनिटं. लांबची देखणी टेकडी महिन्यातून एकदा होते, जवळची साधी टेकडी आठवड्यातून चारदा. आणि एकदा निवडली की निदान दहा वेळा तिलाच जा. पहिल्या तीन फेऱ्यांत दम लागण्यापलीकडे काही कळत नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला वाटा कुठे फुटतात, कुठे सावली मिळते, कोणत्या वळणावर कुत्री बसतात, हे पायाखालचं होतं.

२. पहिली फेरी: हनुमान टेकडी, आणि मग वेताळ

अगदी सवय नसेल तर हनुमान टेकडीपासून सुरुवात करा. चढ छोटा आहे, वर माणसांची वर्दळ असते, आणि वीसेक मिनिटांत माथ्यावर पोचल्याचं समाधान मिळतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी आपल्या पहिल्या सहकाऱ्यांना भारत सेवक समाजाची शपथ दिली ती फर्ग्युसनच्या मागच्या याच टेकडीवर. संध्याकाळी वर बसून चिवडा खाणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ते माहीत असतं का, कोण जाणे. पण पोरं येतात, आणि त्यामुळे संध्याकाळची पहिली फेरी करायची झाली तर ही टेकडी इतरांपेक्षा बरी.

पर्वतीचा उल्लेख लोक टेकडी म्हणून करतात, पण तिथे वाट नाही, १०३ पायऱ्या आहेत. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देऊळ, वरून दिसणारं जुनं शहर, सगळं बघण्यासारखं आहे. नानासाहेब १७६१ साली पानिपतानंतर पर्वतीवरच वारले. व्यायाम म्हणून बघाल तर पर्वती म्हणजे जिना. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या उतरण्यापेक्षा मातीची वाट बरी.

हनुमान टेकडी तीन-चार वेळा झाली की सेनापती बापट रस्ता ओलांडा. पलीकडे वेताळ टेकडी आहे. तिचा माथा साधारण ८०० मीटर उंचीवर, म्हणजे शहरातली ही सर्वांत उंच जागा. कुणी तिला एआरएआय टेकडी म्हणतं, कारण ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची संस्था टेकडीवरच आहे आणि पौड रस्त्याच्या बाजूनं तिथपर्यंत डांबरी रस्ता जातो. कुणी लॉ कॉलेजची टेकडी म्हणतं, कुणी पंचवटीची. सगळी एकाच डोंगराची नावं आहेत, जो जिथून चढतो तिथलं नाव देतो. त्यामुळे कुणाला "टेकडीवर भेटू" म्हणालात तर कोणत्या बाजूनं ते आधी ठरवून घ्या. आम्ही दोघा मित्रांनी एकदा एकाच टेकडीवर दीड तास एकमेकांची वाट बघितली आहे.

पहिल्यांदा जाताना गोखलेनगर-वेताळबाबा चौकाच्या बाजूनं चढा. माणसं भेटतात, वाट रुळलेली आहे. सुरुवातीचा दहा-पंधरा मिनिटांचा चढ दम काढतो. नवखा माणूस इथेच चूक करतो: पहिल्या पाच मिनिटांत सगळी ताकद लावतो आणि मग थांबून थांबून चढतो. शेजारच्याशी सलग वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगानं चढा. बोलताना वाक्य तुटायला लागलं की पावलं लहान करा, थांबू नका. चढ संपला की वर विस्तीर्ण पठार लागतं, आणि मग वेताळाच्या देवळापर्यंत चाल जवळजवळ सपाट आहे. नव्या माणसाला पायथ्यापासून देवळापर्यंत चाळीस-पन्नास मिनिटं पुरतात.

पठारावर दगडाची जुनी खाण आहे. खडक फोडून झालेल्या खड्ड्यात पाणी साठलं आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती फार सुंदर दिसते, पाणपक्षीही असतात. काठावर बसा, फोटो काढा, पण पाण्यात उतरू नका. खाणीला तळ्यासारखा उतार नसतो. एक पाऊल गुडघाभर आणि पुढचं एकदम खोल, असा तिचा तळ असतो. पोहता येणारेही अशा खाणींमध्ये बुडतात.

वर वाटांचं जाळं आहे. नकाशाच्या ॲपवर त्यातल्या काही दिसतात, काही दिसत नाहीत. वाट दुभंगली तर जास्त तुडवलेली घ्या, आणि जिथून चढलात त्याच बाजूनं उतरा, निदान पहिल्या पाच वेळा तरी. वेताळ टेकडीवर हरवून कुणी उपाशी मरत नाही, कुठेही उतरलं तरी पुणेच लागतं. अडचण वेगळीच होते. मी एकदा बोलण्याच्या नादात पाषाणच्या बाजूला उतरलो आणि माझी स्कूटर लॉ कॉलेज रस्त्याला. रिक्षावाल्यानं कुठे जायचं ते ऐकलं, माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे बघितलं आणि हसून मीटर टाकला.

३. बूट, पाणी आणि बाकीचं थोडं

टेकडीसाठी ट्रेकिंगचे महागडे बूट लागत नाहीत. लागते ती तळाला खाच असलेल्या बुटांची जोडी. पुण्याच्या टेकड्यांवर काळा कातळ आणि त्यावर मुरमाची बारीक खडी असते. उतारावर ही खडी म्हणजे पायाखाली ज्वारीचे दाणे पसरल्यासारखी. गुळगुळीत तळाचे पळायचे जुने बूट इथे घात करतात. नवे बूट घ्यायचे तर अर्धा नंबर मोठे घ्या, उतरताना अंगठ्याचं नख पुढे आपटत नाही.

पाणी एक लिटर, उन्हाळ्यात दीड. टोपी. खिशात थोडे पैसे आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, कारण पडल्यावर फोनचं लॉक दुसऱ्याला उघडता येत नाही. सोन्याची साखळी घरी ठेवा.

४. टेकडीचं वर्ष समजून घ्या

हे मी जरा लांबवणार आहे. नव्या माणसाची टेकडी सुटते ती बहुतेक वेळा ऋतू न ओळखल्यामुळे. एप्रिलमध्ये उत्साहानं सुरू करतो, ऊन लागतं, बंद. जुलैत पुन्हा सुरू करतो, घसरतो, बंद.

सुरुवात करायला सर्वांत चांगला काळ ऑक्टोबरचा शेवट ते जानेवारी. पाऊस थांबलेला, वाटा वाळलेल्या, हवा गार. एक त्रास फक्त आहे: कुसळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कमरेइतकं वाढून पिवळं पडलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यांत घुसतात. धुतल्यानंतरही निघत नाहीत, पुढच्या फेरीला टोचत राहतात. लोकरी मोजे नकोत, लांब पँट बरी, आणि गवतातून शॉर्टकट मारायचा मोह टाळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी कधी कधी दहा अंशांच्याही खाली जाते आणि जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. साडेपाचला निघायचा हट्ट तेव्हा करू नका. अंधारात खडीवर चालून मिळवायचं काही नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडीचा बराच भाग गुलाबी होतो. पाहुण्यांना ते बघून भरून येतं. ती फुलं गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची. भराभर वाढतो म्हणून हा परदेशी वृक्ष वनखात्यानं पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावला. टेकडी हिरवी दिसायला लागली खरी, पण त्याच्या दाटीखाली इथलं गवत आणि झुडपं मागे पडतात, आणि तित्तरासारखे पक्षी तर गवतावरच जगतात. पुण्यात या विषयावर टेकडीवरच वाद घालणारी माणसं तुम्हाला भेटतील. एका बाजूला बाटल्यांनी पाणी घालून झाडं जगवणारे, दुसऱ्या बाजूला "झाडं लावू नका, गवत राहू द्या" म्हणणारे. मी हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकलो आहे. मात्र मे महिन्यात पाच लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन चढणारी साठीची बाई बघितली की वाद घालायची हिंमत होत नाही.

मार्च ते मे वाळलेलं गवत पेटतं. बऱ्याचदा कारण असतं एखादी विडी किंवा कुणी मुद्दाम लावलेली काडी. वणवा दिसला तर स्वतः विझवायला धावू नका, वाऱ्याच्या उलट दिशेला जा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. या महिन्यांत सकाळी सहाच्या आत चढायला लागा आणि आठच्या आत खाली या. संध्याकाळी गेलात तर तापलेला कातळ अंधार पडेपर्यंत वाफ सोडत असतो.

जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले की आठ दिवसांत सगळं हिरवं. पुणे पर्जन्यछायेत आहे, वर्षाला साधारण ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही रिमझिम. म्हणून टेकडी पावसाळ्यातही चालू ठेवता येते. फक्त कातळावर शेवाळं धरतं. काळा, चकचकीत दिसणारा दगड टाळून खडबडीत मातीवर पाय ठेवा. याच दिवसांत साप बाहेर असतात. घोणस आणि फुरसं ही दोन्ही विषारी आहेत आणि फुरसं तर वीतभर असतं, दगडाच्या रंगात मिसळून जातं. वाट सोडू नका, दगडांच्या ढिगावर न बघता बसू नका, एवढं पाळलं तर साप तुमच्या वाटेला जात नाही. चावलाच तर चिरणं, आवळून बांधणं, चोखणं हे काहीही करू नका. पाय न हलवता, लोकांच्या मदतीनं खाली या, १०८ ला फोन करून मोठं सरकारी रुग्णालय गाठा.

विजा कडाडायला लागल्या की पठारावर थांबायचं नाही आणि एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. उतरा.

५. टेकडीवरचे अलिखित नियम

तळजाईसारख्या ठिकाणी वनखात्याचं फाटक असतं आणि त्यावर वेळा लिहिलेल्या असतात. त्या पाळा. भिंतीच्या भगदाडातून आत शिरणारे असतात, म्हणून तुम्हीही शिरायचं नाही. प्लास्टिक, सिगारेट, दारू आत न्यायला बंदी असते.

स्पीकरवर गाणी लावू नका. यावर पुण्यात हमखास भांडण होतं आणि समोरचा माणूस निवृत्त प्राध्यापक निघाला तर ते भांडण तुम्ही हरता. मोराचा आवाज ऐकायला लोक वर येतात. मोबाइलवरचा, इअरफोनमधला आवाजही दोन्ही कानांत नको, मागून पळत येणाऱ्याची चाहूल लागत नाही.

कुत्र्यांचे कळप असतात. पळू नका, दगड उचलण्यापेक्षा वाकून उचलल्याचं नाटक पुरतं. वाटेत कुणी बिस्किटं टाकत असेल तर तिथून लवकर पुढे व्हा, भांडणं तिथेच होतात.

अंधाराबद्दल स्पष्टच सांगतो. शहराच्या टेकड्यांवर अंधार पडल्यावर आणि भल्या पहाटे एकट्यादुकट्याला गाठून लुटण्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून दिवस मावळण्याआधी खाली या, अनोळखी वाटेवर एकटे जाऊ नका, आणि बाईमाणसानं एकटीनं जायचं असेल तर वर्दळीची वेळ निवडावी, म्हणजे सकाळी साडेसहा ते साडेआठ. अडचण आली तर ११२. नेहमीच्या वेळी आठवडाभर गेलात की त्याच वेळचे चेहरे ओळखीचे होतात. दोन महिन्यांनी तेच "काल दिसला नाहीत?" असं विचारतात. पुणेकर स्वतःहून बोलत नाहीत असा समज आहे, तो टेकडीवर खोटा ठरतो.

६. आता सायकल

दोन-तीन महिने टेकडी झाली, चढावर श्वास सांभाळता येऊ लागला, की सायकल घ्या. फुप्फुसं आणि मांड्या तयार असतात, शिकायचा राहतो तो रस्ता.

एके काळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे. कामगारापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सायकलवर. आज रस्त्याच्या कडेला लाल-हिरवे रंगवलेले सायकल ट्रॅक दिसतात. ते बघून हरखू नका. शंभर मीटर जातात आणि एखाद्या बसथांब्यात, भाजीच्या गाडीत नाहीतर उभ्या केलेल्या स्कूटरींच्या रांगेत संपतात. २०१७ साली महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवरून भाड्यानं मिळणाऱ्या रंगीबेरंगी सायकलीही आल्या, आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. म्हणून माझा सल्ला: पुण्यातला खरा सायकल ट्रॅक म्हणजे कोणताही रस्ता, रविवारी पहाटे पावणेसहा ते साडेआठ.

पहिली सायकल हायब्रिड घ्या, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली. रोड बाईकचे बारीक टायर खड्ड्यांत दर महिन्याला पंक्चर होतात. जाड टायरांची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, डांबरावर जड जाते. तिचा उपयोग पायवाटांवर, आणि टेकडीच्या पायवाटेवर सायकल घालू नये या मताचा मी आहे. पावसाळ्यात चाकाची एक चाकोरी पडली की त्यातून पाणी वाहतं आणि वर्षभरात वाटेची घळ होते.

दुकानात दोन गोष्टी स्वतः तपासा. फ्रेमवर दोन्ही पाय टाकून जमिनीवर उभं राहिल्यावर नळी आणि तुमच्यात दोन-तीन बोटं तरी अंतर हवं. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक नवखे सीट खाली ठेवतात, पाय टेकतात म्हणून बरं वाटतं, आणि महिनाभरात गुडघे दुखले की सायकलीला दोष देतात.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह बघा. तो बारीक, टोकाला छोटा पेच असलेला असेल तर तो प्रेस्टा. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या हवेची नळी त्याला बसत नाही, ती स्कूटरच्या जाड व्हॉल्व्हसाठी असते. सायकलच्या दुकानात एक पितळी अडॅप्टर मिळतो, दोन चहांच्या किमतीत. तो व्हॉल्व्हवर फिरवून ठेवून द्या. तो नसल्यामुळे मी एकदा डोणज्याहून धायरीपर्यंत सायकल ढकलत आणली आहे, आणि वाटेत पंक्चरची तीन दुकानं लागली होती.

बाकीचं सामान: हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लास्टिक पट्ट्या, हातपंप, ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी किल्ल्यांचा, संच आणि शंभर-दोनशे रुपये रोख. ट्यूब बदलणं घरी, पंख्याखाली, दोनदा करून बघा. व्हिडिओ बघून येतं असं वाटतं, पण रस्त्याच्या कडेला ट्रक अंगावरून जात असताना येत नाही. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. दर आठवड्याला तपासा.

७. कुठे जायचं, कोणत्या क्रमानं

पहिले दोन रविवार घरापासून दहा किलोमीटरच्या आत. पश्चिमेकडच्यांना पाषाण तलाव चांगला. थांबायला जागा आहे, हिवाळ्यात पक्षी बघणारे भिंगं लावून बसलेले असतात. गतिरोधकावर सीटवरून थोडं उठायचं, ब्रेक दोन्ही एकत्र पण मागचा जरा जास्त, वळण्याआधी मागे बघून हात दाखवायचा, हे इथे पक्कं करा.

पूर्वेकडच्यांसाठी माझी निवड थेऊर. हडपसर-मुंढव्याहून मांजरी, कोलवडी असं गेलं की सोलापूर हायवे टळतो. रस्ता सपाट, बाजूला ऊस, आणि शेवटी चिंतामणी गणपती. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली इथेच गेले. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर होतात.

तिसरा-चौथा रविवार खडकवासला. स्वारगेटपासून सिंहगड रस्त्यानं धरण साधारण सतरा किलोमीटर. चढ नावापुरता, पण धायरी फाट्यापर्यंतची रहदारी सहन करावी लागते. १८७९ साली पुरं झालेलं हे धरण १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा फुटलं होतं. डेक्कन, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत जुन्या माणसांकडे त्या दिवसाची आठवण अजून निघते. धरणाच्या कडेला चौपाटी आहे. चहा-पोहे खा आणि साडेआठला परतीला लागा. दहानंतर तिथे मोटारींची रांग लागते आणि तिच्यातून सायकल काढणं म्हणजे धूर खाणं.

मग पहिला घाट: जुना कात्रज. कात्रज चौकातून जुन्या बोगद्यापर्यंत पाचेक किलोमीटरचा चढ आहे, कुठेही अंगावर येत नाही. घाट शिकायचा तो इथेच. पायथ्यालाच हलका गियर टाका. चढ आल्यावर जोर लावत गियर बदलला तर चेन उतरते. सीटवर बसून, खांदे सैल सोडून, पेडल गोल फिरवत राहा. टेकडीवरचा नियम इथेही लागू: वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. बोगदा अरुंद आणि अंधारा आहे. आत शिरण्याआधी दोन्ही दिवे लावा, गॉगल काढा, आणि समोरून ट्रक येत असेल तर बाहेर थांबून त्याला जाऊ द्या. बोपदेव घाट याच्यानंतर. तो आखूड पण बराच खडा आहे, आणि अंधारात तिथे थांबू नये.

आणि सिंहगड. पुण्यात सायकल चालवणाऱ्याला "गड केला का?" हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पण गड आधी पायी करा. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्याला जाते. आतकरवाडीतून वर जाणारी वाट नव्या माणसाला दीड तास घेते. गडाची उंची १,३१२ मीटर, म्हणजे पायथ्यापासून जवळजवळ सहाशे मीटर चढ, तुमच्या वेताळ टेकडीच्या अडीचपट. वाटेत ताक, लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी असतात. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. पिठलं-भाकरी खाऊन लगेच उतरू नका, अर्धा तास तानाजीच्या समाधीपाशी बसा. पावसाळ्यात शनिवार-रविवार टाळा, गर्दीत चिखलाच्या वाटेवर अक्षरशः रांग लागते.

पायी दोन-तीनदा गड झाला आणि कात्रज न थांबता होऊ लागला, की सायकल घेऊन गोळेवाडीच्या नाक्याशी या. तिथून गाडीरस्त्यानं वर आठ-नऊ किलोमीटर. काही वळणं इतकी खडी आहेत की पुढचं चाक उचललं जातंय असं वाटतं. वळणाच्या आतल्या बाजूनं चढ जास्त असतो, रस्ता मोकळा दिसत असेल तर जरा बाहेरून घ्या, आंधळ्या वळणावर मात्र डावी बाजू सोडू नका. उतरून ढकलण्यात कमीपणा नाही, पहिल्या वेळी बहुतेक सगळे ढकलतात. पावसाळ्यात दरड आली की हा रस्ता बंद होतो, निघण्याआधी चौकशी करा.

उतरताना काळजी चढण्यापेक्षा जास्त. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी दाबा, वळणात सोडा, सरळ रस्त्यावर पुन्हा दाबा. मधे एकदा थांबून हात झटका, बोटं बधिर झालेली असतात. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिम चांगलीच तापते. नाक्यावर थांबलात की ती किती तापली हे बोट लावून बघायचा मोह होईल. लावू नका, पोळतं. डाव्या हाताच्या तर्जनीवरचा माझा फोड जायला आठवडा लागला होता.